दुपारची हवा

उन्हाळ्यात अकरा वाजून गेले की मिस्त्री कुठल्याही गाडीबद्दल मत देत नसत. गिऱ्हाईक दारात उभं, बॉनेट उघडलेलं, आणि मिस्त्री हात पुसत म्हणायचे, "पावणं, आता न्हाय. पाच वाजता आणा."

"अहो, ओढत नाही म्हणून तर आणलीय."

"आता कुठलीच ओढणार न्हाय. दुपारच्याला गाडीला शिव्या द्यायच्या न्हाईत. पाच वाजता बी न्हाय ओढली तर दोघं मिळून देऊ."

गिऱ्हाईक चडफडत जायचं. त्यातली बरीच पाचला परत यायची नाहीत, कारण तोवर गाडी आपोआप बरी झालेली असायची. गॅरेजच्या मालकांना याचा फार त्रास होई. मिस्त्रींना मात्र आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायचा.

शाहूपुरीत त्या वर्षांत नुसतं 'मिस्त्री' म्हटलं तरी गॅरेजवाल्यांना एकच माणूस समजायचा, म्हणून इथेही तेवढंच लिहितो. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं होतो. कागदावर मी त्यांच्या वर होतो. मी पॉलिटेक्निकमधून आलेला सुपरवायझर, ते चौथी शिकलेले. ते मला 'डिप्लोमा' म्हणूनच हाक मारत. "काय डिप्लोमा, च्या झाला काय?" त्यात टोमणा किती आणि माया किती हे त्या वयात मला कळलं नाही. मी सगळा टोमणाच धरला. पुढे जे घडलं त्याचं मूळ बहुतेक तिथे आहे.

आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. लिहायला बसलो की उठून खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो. गेल्या महिनाभरात पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा त्यांच्या गमती लिहून थांबलो. गमती लिहिणं सोपं आहे, आणि त्या पुष्कळ होत्या.

त्यांच्या छातीच्या खिशात चष्म्याचं घर असे. आत चष्मा नसे, कापसात गुंडाळलेला तापमापक असे. डेअरीत दूध तापवताना वापरतात तसला. तो ते आधी सावलीत धरत, मग बॉनेटखाली, आणि दोन्ही आकडे गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहीत. एकाने एकदा विचारलं, "काय मिस्त्री, गाडीला ताप आलाय?"

"गाडीला न्हाय. हवंला आलाय."

हवेबद्दल ते दुधाबद्दल बोलावं तसं बोलत. "सकाळची हवा म्हंजे म्हशीचं धारोष्ण दूध. दाट. दुपारची हवा म्हंजे पाणी घातलेलं. लोटा तेवढाच भरतोय, पण आत सत्त्व कुठाय? इंजिन पितंय तेवढंच, अंगाला लागत न्हाय."

पेट्रोल महागलं तशी जुन्या मोठ्या विलायती गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची आमच्याकडे लाट आली. गाडी स्वस्तात पळायची, पण चढ आला की बसायची. तेव्हा मिस्त्रींनी धरणाच्या कामावरून मोडीत निघालेल्या एका लहान यंत्राचा टर्बो पैदा केला. शंखासारखा वळलेला बिडाचा गोळा. ते त्याला 'गोगलगाय' म्हणत. "इंजिनाचा धूर आपण वाऱ्यावर सोडतोय का न्हाय? त्याच धुरावर हिचं चाक फिरतंय. त्याच दांड्यावर दुसरं चाक हाय, ते बाहेरची हवा आत कोंबतंय. फुकटचा हमाल लावल्यागत."

पण कोंबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. दुपारची आधीच तापलेली हवा कोंबली की आणखी तापते, फुगते, पातळ होते. हवा पातळ आणि डिझेल मात्र तेवढंच पडत राहिलं, तर ते नीट जळत नाही. काळा धूर निघतो आणि इंजिनाच्या पोटात आग वाढत जाते. म्हणून कडक उन्हात चढ चढायचा असेल तर मिस्त्री डिझेल पंपावरचा स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, मागे घेत. डिझेल कमी, ओढ कमी, पण इंजिन शाबूत.

हे लोकांना पटावं म्हणून एकदा त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी आणली. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीभोवती पत्र्याची पेटी केली, पेटीत बर्फ ठोकून भरला आणि भर दुपारी गाडी पन्हाळ्याच्या चढाला घातली. बर्फ होता तोवर गाडी तिसऱ्या गिअरात चढली. वितळायला लागला तशी दुसऱ्यात आली. वर पोचताना पेटीतून नुसतं पाणी गळत होतं आणि आम्ही पहिल्यात होतो. मिस्त्री इतके खूश की खाली उतरून त्यांनी पेटीतल्या पाण्याने तोंड धुतलं.

मालक म्हणाले, "आता गिऱ्हाइकाला गाडीबरोबर बर्फाचा गाडा पण देऊया काय?"

"बगायला आणला मालक, इकायला न्हाय."

चढून आलेली गाडी ते लगेच बंदही करू देत नसत. इंजिन सुरू ठेवून शेजारी उभे राहून बशीतून चहा पीत. एक वकील एकदा चिडले, "अहो, बंद करा, डिझेल जळतंय."

"वकीलसाहेब, जोर मारून उठलेल्या पैलवानाला लगीच निजवत्यात काय? जरा हिंडवत्यात. गोगलगाय आत लाल झालीया. आता बंद केली तर तेल तिथंच करपून बसंल." वकील किल्लीकडे हात नेऊ लागले तसे मिस्त्रींनी किल्लीवर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आणखी दोन चहा मागवले. एक वकिलांना.

मी या सगळ्याला हसत असे. एकदा मी टर्बोच्या नळीला दाबाचा गेज लावला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा मिस्त्री. सकाळी काटा जिथं होता, दुपारीही तिथंच आहे. म्हणजे हवा तेवढीच जातेय."

त्यांनी काट्याकडे पाहिलं. "काटा दाब सांगतोय, डिप्लोमा. माल सांगत न्हाय. पोत्यात जोंधळा भरा न्हायतर कापूस भरा, तोंड आवळायला जोर तेवढाच लागतोय. मग वजन करून बगा की."

सगळं गॅरेज हसलं. जे सूत्र परीक्षेत लिहून मी पास झालो होतो ते अगदी हेच सांगतं, हे मला त्याच दिवशी घरी गेल्यावर वही काढल्यावर कळलं. कळलं, पण दुसऱ्या दिवशी मी ते बोललो नाही.

कबनूरला यंत्रमागांचे एक मालक होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांच्या जुन्या गाडीत मिस्त्रींनी डिझेल इंजिन आणि गोगलगाय दोन्ही बसवली होती. मे महिन्यात आप्पांना एका कामासाठी आंबा घाट उतरून कोकणात जाऊन यायचं होतं. ते म्हणाले, मिस्त्री आणि डिप्लोमा दोघांनी बरोबर चला; भरलेली गाडी परत येताना घाट चढली तर मी दहा जणांना सांगीन. मिस्त्रींना दहा जणांचं विशेष नव्हतं. शाहूपुरीत सगळे म्हणायचे की टर्बो धरणावर ठीक आहे, आपल्या उन्हात गाडीला चालायचा नाही. उन्हाचा हिशोब धरला तर चालतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. दोन वर्षं ते त्यासाठी दारावर आकडे लिहीत होते.

निघताना त्यांनी स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. स्क्रूच्या डोक्यावर एक टिंब होतं आणि पंपाच्या अंगावर छिन्नीने मारलेली रेघ. उन्हाळ्याला टिंब रेघेसमोर. "ह्याला आता कुनी हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं. नेहमी म्हणत तसंच म्हणाले.

आप्पांचं काम बारालाच उरकलं. घाटाखाली साखरप्याजवळ एका झाडाखाली गाडी उभी होती. पाच वाजेपर्यंत तिथेच थांबायचं ठरलेलं होतं. पण आप्पांची चुळबुळ सुरू झाली.

"मिस्त्री, संध्याकाळी पोरीला बघायला पावणं येणार हैत. मला सातच्या आत घरात पायजे."

मिस्त्रींनी तापमापक काढला, पाहिला, परत ठेवला. "मग जाऊया. पण दुसऱ्या गिअरात, दमादमानं. अर्ध्या घाटात थांबायचं. आनि डिप्लोमा, तुमी मागं बसा, धुरावर नजर ठेवा. काळा दिसला की बोला. आप्पा रेसवरचा पाय काढतील."

"लंगडतच न्यायची तर हे मशीन कशाला बसवलं?" आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले.

मिस्त्री नमाजाला विहिरीकडे गेले. आप्पा झाडाला टेकून डोळे मिटून बसले. मी बॉनेट उघडलं, पान्ह्याने नट सैल केला आणि स्क्रू अर्धा आटा पुढे फिरवला. मिनिटभराचं काम. मला वाटलं, गाडी दणक्यात चढेल, आणि वर पोचलो की मी सगळ्यांसमोर सांगेन, मिस्त्री, तुमचं ऊन-बिन काही नसतं, बघा. ते वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

गाडी खरोखरच दणक्यात निघाली. आप्पा खुलले. "आता कशी ओढायली बगा."

मिस्त्री पुढे त्यांच्या शेजारी बसले होते. ते खुलले नाहीत. मान थोडी तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. पहिल्या दोन वळणांनंतर म्हणाले, "डिप्लोमा, धूर कसा हाय?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता दिसत नव्हता. आमच्या मागे काळा पडदा टांगल्यासारखा धूर होता.

"साधा आहे."

"करडा का काळा?"

"करडा."

आप्पांच्या बाजूचा आरसा जुना, निखळून खाली लोंबकळत होता. मिस्त्रींच्या बाजूला आणि आत काचेवर आरसाच नव्हता. त्यांना माझ्याखेरीज दुसरा डोळा नव्हता. आणखी एक वळण गेलं. आतली हवा तापलेल्या तव्यासारखी लागत होती. आता थांबवायला सांगावं तर स्क्रूचंही सांगावं लागलं असतं. वर पोचायला किती वळणं उरली ते मी मोजत होतो.

"वास येतोय," मिस्त्री म्हणाले. "परत एकदा बगा की."

"काही नाही मिस्त्री. चढ आहे म्हणून."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि मान सरळ करून बसले. माझ्या शब्दावर त्यांनी ऐकणं थांबवलं. ते 'मग ठीक' मला आजही ऐकू येतं, आणि ऐकू आलं की मी घरात असेन तिथे उभा राहतो.

पुढच्या वळणावर पत्र्याच्या डब्यात दगड हलवावेत तसा आवाज झाला आणि गाडी थांबली.

आप्पा कठड्यावर जाऊन बसले. घड्याळ बघत राहिले. मिस्त्री डबा घेऊन खालच्या वळणावरच्या झऱ्याकडे पाणी आणायला गेले. मी बॉनेट उघडलं. नट इतका तापला होता की रुमालातूनही बोटं भाजली. मी स्क्रू अर्धा आटा मागे फिरवला, टिंब रेघेसमोर आणलं आणि नट आवळला.

पहिला अर्धा आटा मी घमेंडीत फिरवला. त्याची मी स्वतःला कधीतरी माफी देऊ शकलो असतो. दुसरा मी पूर्ण शुद्धीत फिरवला.

मिस्त्री आले. डबा खाली ठेवायच्याही आधी त्यांनी वाकून स्क्रू पाहिला. टिंब रेघेसमोर होतं. ते बराच वेळ तसेच वाकून होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजे आपलंच चुकलं," ते म्हणाले.

आप्पा एका ट्रकमधून पुढे गेले. घरी पोचेपर्यंत पाहुणे उठून गेले होते, एवढंच नंतर कळलं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती. गाडी दोन दिवसांनी ओढत शाहूपुरीत आणली. इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळून त्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. शेजारपाजारचे गॅरेजवाले बघायला आले. जो तो त्या भोकात अंगठा घालून बघत होता. मिस्त्री प्रत्येकाला आपणहून सांगत होते, "अर्धा आटा मागं घेतलेला हुता. तरी जळालं. म्हंजे माझं हवेचं सगळं गणितच खोटं." हसायला आलेले लोकही मग हसले नाहीत.

त्यांना कुणी काढलं नाही. मालकांनी दोनदा समजूत घातली. पण ज्याचं गणित खोटं त्याने लोकांच्या इंजिनांना हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. टर्बो त्यांनी स्वतः मोडीत घातला. दार पुसून घेतलं. पुढच्या महिन्यापासून ते त्यांच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळायला लागले. त्यांची जागा मला मिळाली.

नंतर ते मला अधूनमधून भेटत. चहा पाजत. दर वेळी एकच प्रश्न. "डिप्लोमा, तुमी शिकलेलं. माझं कुठं चुकलं हो?"

एकदा मी म्हणालो, टर्बो त्या इंजिनाला मोठा झाला असेल. त्यांनी विचार केला. "न्हाय. मग सुरवातीलाच ओढली नसती." एकदा म्हणालो, डिझेलमध्ये भेसळ असेल. "बाकीच्या गाड्या त्याच पंपावर भरत्यात की." एकदा पिस्टनच्या धातूला दोष दिला. "तो मी स्वतः वाजवून घेतलेला." माझी प्रत्येक थाप त्यांनी अशी निकालात काढली. मग उरत काय होतं? कुणीतरी हात लावला, एवढंच. तिथवर त्यांचं डोकं सहज पोचलं असतं. पण त्या वाटेला ते गेलेच नाहीत, कारण त्या वाटेवर मी उभा होतो, आणि मी त्यांचा माणूस होतो.

ते वारले तेव्हा मी एका मोठ्या कारखान्यात इंजिन तपासणीचा प्रमुख होतो. तिथे बाहेरच्या उष्णतेचा हिशोब धरल्याशिवाय कुठल्याही इंजिनाची ताकद मान्य होत नसे. नवीन मुलांना मी जोंधळ्याचं आणि कापसाचं पोतं सांगून ते शिकवायचो. मुलं म्हणायची, सर किती सोपं करून सांगतात. हे कुणाचं, ते मी एकदाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीकडे गेलो. गिरणी आता ती चालवते. साठीची बाई, भुवयांवर पीठ. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. स्क्रू, धूर, परत स्क्रू. एका बाईचा डबा आला होता, तो तिने भरून दिला आणि बाईला वाटेला लावलं. मग म्हणाली, "शेवटी शेवटी अब्बा इंजिन सुरू केलं की मला हाक मारायचे. म्हनायचे, आवाज बरोबर वाटतोय का गं? मला काय कळतंय त्यातलं? मी म्हनायची, व्हय, बरोबर हाय. मग खाली बसायचे."

तिने जात्याभोवती सांडलेलं पीठ हाताने गोळा केलं.

"ज्यांच्या कानावर अख्खी शाहूपुरी गाडी सोडायची," ती म्हणाली, "ते पिठाच्या गिरणीचा आवाज मला इचारायचे."

"मी माफी मागायला आलोय."

"ती माज्याजवळ न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या गॅरेजच्या लायनीत अजून चार म्हातारी माणसं हैत. त्यांनी त्या भोकात अंगठा घालून बघितलेलं. अब्बांनी त्यांच्या म्होरं सोताला खोटं म्हटलं. तुमी बी त्यांच्याच म्होरं बोला."

"मी लिहून देतो."

"लिवा. पर वाचून दावा. कागूद कोन वाचतंय?"

म्हणून हे लिहिलं. स्क्रू मी फिरवला होता. धूर काळा होता. मिस्त्रींचं गणित बरोबर होतं, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. त्यांनी लावला तिथे तो स्क्रू राहिला असता तर ती गाडी सावकाश का होईना, घाट चढली असती.

सोमवारी गॅरेजं बंद असतात. मंगळवारी सकाळी जायचं ठरलंय. ती येणार आहे. "मी शेजारी उभी ऱ्हाते," म्हणाली. "पर मधी अडखळला तर मी वाचनार न्हाय. तुमीच वाचायचं."